उरायचं ते परबांनीच

पुंडलिक परबांना मनापासून हसताना मी एकदाच पाहिलं. मारुती सुताराच्या दुकानाचं शटर कायमचं खाली आलं, त्या दिवशी. एरवी ते हसायचे, पण ते हसणं कुणाच्या तरी फजितीला जोडून यायचं आणि दात दिसायच्या आतच संपायचं. त्या दिवशी मात्र खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला त्यांचा राग तेव्हाही आला होता आणि लिहिताना अजून येतोय, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याची फसगत नको.

गोव्यात डिचोलीला माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आता सीट कव्हरं, मोबाइल ठेवायचे स्टँड आणि गाडीत टांगायची सुगंधी बाटली असलं काय काय विकतो. मोप्याचा विमानतळ झाल्यापासून टॅक्सीवाल्यांना तेवढंच लागतं. पूर्वी मी बेरिंगं, पिस्टन, लायनर, गॅस्केट विकायचो. समोर, रस्त्याच्या पलीकडे, परबांचं मशीन शॉप. मशीन शॉप म्हणजे गॅरेज नव्हे. गॅरेजात इंजिन उघडतात. उघडल्यावर आतला जो भाग झिजलेला निघतो, तो मापात आणून द्यायचं काम मशीन शॉपचं. परब क्रँक घासायचे. इंजिनाच्या तळाशी जो जाड, नागमोडी लोखंडी दांडा फिरतो, तो क्रँक. खाणींवरून लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांत लाल धूळ शिरायची आणि क्रँकवर चरे पाडायची. मग तो परबांच्या मशीनवर चढायचा, चरे जाईपर्यंत घासला जायचा, आणि जितका बारीक झाला तितकं जाड बेरिंग मेकॅनिक माझ्याकडून घेऊन जायचा. आम्हा दोघांचं पोट एकाच धुळीवर भरत होतं.

परब मूळचे पेडण्याचे. लहानपणीच वास्कोला कामाला गेले, तिथे जहाजदुरुस्तीच्या एका वर्कशॉपात शिकले आणि ते वर्कशॉप बंद पडलं तेव्हा तिथलंच क्रँक घासायचं मशीन उचलून डिचोलीला घेऊन आले. भलं मोठं मशीन. दुकान आधी बांधून मशीन आत जाईना, म्हणून आधी मशीन बसवलं आणि मग भोवती भिंती घातल्या. त्यांना सगळे ‘पात्रांव’, म्हणजे मालक, म्हणत. म्हणत म्हणजे म्हणावं लागे. नुसतं ‘परबबाब’ म्हटलेल्या माणसाचा क्रँक कोपऱ्यात पडून राहायचा. मी वयाने लहान आणि शेजारी, म्हणून मला ‘पुंडलिकबाब’ची मोकळीक होती.

उंच, सडसडीत माणूस. बनियन आणि खाकी अर्धी चड्डी. दुकानात खुर्ची एकच, आणि ती त्यांची. आलेला माणूस मालक असो की ड्रायव्हर, उभा राहायचा. सकाळी पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, कडक गोल उंडे घ्यायचे, चहात बुडवून नुसती कड खायचे आणि आतला मऊ भाग बोटांनी काढून दाराबाहेर टाकायचे. कावळे जमत. एखाद्या दिवशी कावळा धीट होऊन उंबऱ्याच्या आत आला की त्याला नट फेकून मारायचे, आणि नेम चुकत नसे.

क्रँक समोर आला की ते आधी त्याच्याकडे बघायचे नाहीत. आणणाऱ्याकडे बघायचे. मग अंगठ्याचं नख क्रँकवरून फिरवायचे आणि निकाल द्यायचे, तोही मालकासमोर. ‘हो क्रँक न्हय, वईचो खुंटो.’ म्हणजे कुंपणाचा. ‘ह्या इंजिनात तेल घातलेलां काय चिखल?’ बिचारा मेकॅनिक खाली मान घालून उभा. परबांना काम चांगलं यायचं, यात वाद नाही. पण त्यांना कामापेक्षा ती खाली गेलेली मान जास्त आवडायची, असं माझं स्पष्ट मत आहे.

रमाकांत नावाचा एक मेकॅनिक होता, साखळीच्या वाटेवर त्याचं गॅरेज. एकदा त्याने आणलेल्या क्रँकवर परबांना पॉलिश पेपरच्या खुणा दिसल्या. म्हणजे याने आधी हातानेच घासून पाहिलं होतं. गाडीमालकाचे पैसे वाचावेत म्हणून केलं असेल किंवा आपली अक्कल चालवावी म्हणून. परबांनी ट्रकमालकाला जवळ बोलावलं, त्याचा हात धरून बोट क्रँकवर फिरवलं आणि विचारलं, ‘कळता? हांगा उंच, हांगा सकल. हें तुज्या मिस्त्रीन हातान केलां. तुजो ट्रक घाटात बंद पडतलो तेन्ना ह्याका विचार, म्हाका नाका.’

मालकाने तिथल्या तिथे गाडी दुसऱ्या गॅरेजात न्यायचं ठरवलं. रमाकांत रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आला आणि पाणी मागितलं. चूक त्याची होती, मान्य. पण ती त्याला बाजूला घेऊन सांगता आली असती. मी परबांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, ‘बाजूक घेवन सांगल्लें कोण आयकता?’

मग खाणी बंद पडल्या.

बाहेरच्या माणसाला हे वाक्य छोटं वाटेल. आमच्याकडे त्यानंतर रस्त्याच्या कडेला ट्रकांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांच्या चाकांतून गवत आलं, आणि धूळ उडायची थांबल्यामुळे बायका म्हणू लागल्या की आता कपडे स्वच्छ वाळतात. खाणी मध्ये मध्ये सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या. जे ट्रक नवे आले त्यांची इंजिनं कंपनीच्याच वर्कशॉपात जात. तिथे क्रँक घासत नाहीत, बदलतात. काही इंजिनांचा तर क्रँक घासायची परवानगीच कंपनी देत नाही, बिघडला की आखं इंजिनच नवं. हे मी परबांना कितीदा सांगितलं असेल. सुट्या भागांच्या याद्या माझ्याकडे यायच्या, मला दिसत होतं. पण त्यांचं एक ठरलेलं होतं.

‘काम मरना, वसंता. काम पळता. खंय पळता तें बघूंक जाय.’

म्हणजे आपल्याकडे आलं नाही ते काम दुसऱ्याकडे गेलेलं असणारच. जगातून काम नाहीसं होऊ शकतं, हे त्या माणसाला पटतच नव्हतं. डिचोलीत क्रँक आला नाही की ते विचारायचे, कोणी खाल्ला?

पहिला संशय साखळीच्या शिरोडकरांवर. त्यांच्याकडेही क्रँकचं एक लहान मशीन होतं. शिरोडकर भला माणूस, वयाने परबांहून मोठा, गुडघ्यांनी बेजार. खाणी थांबल्यावर त्यांनी वर्षभर कळ काढली आणि दुकान आवरायला घेतलं. परब मला म्हणाले, चल, भेटून येऊ. मला वाटलं, धीर द्यायला निघालेत. तिथे गेल्यावर त्यांनी शिरोडकरांचं मशीन चालू करायला लावलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, ‘ह्या आवाजार तुमी इतलीं वर्सां काम केलांत? लोकांनी करून घेतलां म्हणजे कमाल आसा.’ शिरोडकरांच्या बायकोने सोलकढी आणली होती. परबांनी पेला हातात घेतला, संपवला, आणि निघताना त्यांच्या भिंतीवरची गिऱ्हाइकांची फोन नंबरांची पाटी मोबाइलवर टिपून घेतली. शिरोडकर बघत होते.

साखळीची गिऱ्हाइकं परबांकडे आली नाहीत. येणार कुठून? त्यांचे ट्रकच विकले गेले होते. पण परबांच्या हिशेबाने याचा अर्थ एकच होता. मध्ये आणखी कुणीतरी बसलाय.

तो कुणीतरी म्हणजे मारुती सुतार.

मारुती गडहिंग्लजकडचा. डिचोलीत कामगार म्हणून आला, दुसऱ्याच्या हाताखाली शिकला आणि आमच्याच रस्त्याला पाचसहा दुकानं सोडून स्वतःचं बोअरिंगचं दुकान टाकलं. बोअरिंग म्हणजे इंजिनाचा ब्लॉक, ज्यात पिस्टन वरखाली होतात ते मुख्य धूड, त्याची भोकं मापात कापणं. क्रँक ज्या बेरिंगांत बसतो त्यांची जागाही तोच सरळ रेषेत कापून द्यायचा. थोडक्यात, एका इंजिनाचे दोन भाग करून मेकॅनिक यायचे. क्रँक परबांकडे टाकायचा, ब्लॉक मारुतीकडे. संध्याकाळी दोन्ही उचलायचे, माझ्याकडून बेरिंगं घ्यायची आणि गॅरेज गाठायचं. कितीतरी वर्षं हे असं चाललं होतं. मारुतीचा आणि परबांचा धंदा एकच नव्हता. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नव्हता, हे तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पण परब खुर्चीवर बसून रस्त्याकडे बघायचे, आणि त्यांना मारुतीच्या दुकानात माणसं शिरताना दिसायची. हातात पिशव्या घेऊन. पिशवीत जड काहीतरी. ‘ब्लॉक तेका, आनी क्रँक म्हाका ना. मग क्रँक खंय वता? हो बेळगावाक धाडता.’ मी शेवटी एकदा मारुतीकडे जाऊन आलो. पिशव्यांत मोटरसायकलचे सिलिंडर होते. ट्रक गेल्यावर मारुतीने दुचाकीचं बोअरिंग सुरू केलं होतं आणि त्यावर दिवस काढत होता. दुचाकीचा क्रँक परबांच्या मशीनवर चढतही नाही. मी येऊन तसं सांगितलं. परब म्हणाले, ‘तुका दाखयले ते सिलिंडर. दाखयले नाय ते खंय आसत?’

त्यानंतर ते कामाला लागले. मेकॅनिक आला की सहज विचारायचे, ब्लॉक मारुतीकडेच केलास? बरं, बरं. आणि गप्प. त्या गप्प राहण्यात इतकं काही असायचं की मेकॅनिक अस्वस्थ होऊन विचारायचा, का, काय झालं? ‘कांय ना रे. तेचें मशीन आतां जुनें जालां, इतलेंच.’ त्यांचं स्वतःचं मशीन त्यांच्याहून जुनं होतं.

मग एक इंजिन जाम झालं. पेडण्याच्या एका माणसाचा ट्रक. खाणीवरून काढून तो त्याने मोप्याच्या पठारावर माती ओढायला लावला होता. इंजिन नुकतंच बांधलेलं, क्रँक परबांचा, ब्लॉक मारुतीचा. चढावर बेरिंगं जळली आणि इंजिन जागेवर अडकलं. मालकाची सगळी भिस्त त्या ट्रकवर होती. तो जळकी बेरिंगं हातात घेऊन डिचोलीला आला आणि भर रस्त्यात ओरडायला लागला. परबांनी त्याला चक्क खुर्ची दिली. आपली खुर्ची. मी ते दृश्य पाहिलं आणि मला कळलं की आता काहीतरी वाईट होणार.

परबांनी ब्लॉक मागवून घेतला, त्यावर सरळपट्टी ठेवली, इकडून तिकडून पाहिलं आणि चारचौघांत सांगितलं की बेरिंगच्या जागा एका रेषेत नाहीत, मारुतीने वाकड्या कापल्यात. मारुतीला बोलावणं गेलं. तो आला, वाकून ब्लॉक पाहिला, मग बाजूला ठेवलेला क्रँक उचलून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याने काहीतरी बोलावं म्हणून सगळे थांबले होते. त्याने क्रँक खाली ठेवला आणि ट्रकमालकाला म्हणाला, ‘ब्लॉक मी पुन्ना करून देतो. माझ्याकडनं.’ एवढंच. लोकांनी याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

त्यानंतर मारुतीचं दुकान फार टिकलं नाही. ट्रकवाले थांबले, मग दुचाकीवालेही. बोअरिंगच्या माणसाचा हात वाकडा, असं एकदा झालं की संपलं. ज्या सकाळी त्याने मशीन टेंपोत चढवलं, त्या सकाळी परब जत्रेतल्यासारखं गुळाचं खाजं घेऊन आले. कागदाची मोठी पुडी. रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात जाऊन त्यांनी खाजं वाटलं. मला दिलं. मी काउंटरवर ठेवलं, खाल्लं नाही. ते टेंपोपाशी गेले आणि मारुतीपुढेही पुडी धरली. तेव्हाचं ते हसणं.

मारुतीने एक तुकडा उचलला. शिष्टाचार म्हणून असेल. मग विचारलं, ‘मालक, आता ब्लॉक कुठनं करून घ्यायचं लोकांनी?’

‘ब्लॉकाचें कोणाक पडलां?’ परब म्हणाले.

पडलं होतं. सगळ्यांना पडलं होतं. मेकॅनिक बिचारे काय करणार? आखं इंजिन पिकअपमध्ये टाकून घाट चढायचा आणि बेळगाव गाठायचं. तिथे एकाच छपराखाली क्रँक, ब्लॉक, हेड, सगळं. एकदा ब्लॉकसाठी बेळगावला जायचंच म्हटल्यावर क्रँक डिचोलीत कोण उतरवून ठेवणार? जे चार जुने ट्रक, पाणी पंप आणि बार्जची इंजिनं उरली होती, त्यांचंही काम आमच्या डोळ्यांसमोरून घाटाच्या दिशेने जाऊ लागलं. परबांच्या मशीनचा पट्टा थांबला तो थांबलाच.

ते रस्त्यावर येऊन उभे राहू लागले. एक दिवस रमाकांतचा पिकअप चौकात हळू झाला. मागे इंजिन, वर उघडा क्रँक. परब आडवे जाऊन क्रँक उतरवून मागू लागले.

‘क्रँक देंवय हांगा. फाल्यां सकाळीं दितां.’

रमाकांतने काच पूर्ण खाली घेतली. इतकी वर्षं या माणसाला पात्रांव म्हणून हाक मारणारा रमाकांत. ‘आनी ब्लॉक खंय करूं? तुज्या न्हाणयेंत?’

‘ब्लॉक मागीर व्हर.’

‘मागीर ना नी आदीं ना. बाजूक रे, म्हाका घाट चडूंक जाय.’ आणि त्याने परबांच्या पायांना जवळजवळ चाटून गाडी काढली. रस्त्यावरचे दोघंतिघं हसले. त्यात मीही हसलो की नाही हे मला आठवत नाही, पण मला बरं वाटलं होतं, हे नक्की आठवतं.

त्याच आठवड्यात परब माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, बेळगावला चल. मारुती तिथेच त्या मोठ्या वर्कशॉपात लागला होता, हे एव्हाना सगळ्यांना माहीत होतं. ‘तेका परत हाडूंया. तो ब्लॉक करतलो, हांव क्रँक. फुडें बोर्डार दोगांचें नांव घालतां.’ माझी गाडी होती, आणि मला उत्सुकताही होती. निघालो.

घाटात एका वळणावर ते आपण होऊन बोलू लागले. बाहेर बघत, शिकारीची गोष्ट सांगावी तशा सुरात. पेडण्याच्या त्या ट्रकची बेरिंगं ब्लॉकमुळे जळली नव्हती. क्रँकच्या आतून तेल जायला बारीक भोकं असतात. घासताना त्यांत लोखंडाचा कीस जातो. घासून झालं की ती भोकं तारेने साफ करून धुवायची असतात, अगदी पहिला धडा. ‘ते दिसा पुसूंक रावलें. मन थाऱ्यार नाशिल्लें.’ कीस बेरिंगात गेला आणि चढावर इंजिन बसलं. ब्लॉक सरळच होता.

‘मग हे आज मारुतीला सांगणार ना?’ मी विचारलं.

‘सांगून कितें जातलां? आतां तो परत येवपाचोच आसा.’

बेळगावचं वर्कशॉप स्वच्छ होतं. फरशीवर पिवळे पट्टे मारलेले, मारुतीच्या अंगात निळा कोट. एका भिंतीशी क्रँक ओळीने उभे होते आणि प्रत्येकाला गावाची चिठ्ठी बांधलेली. डिचोली, साखळी, पेडणे, पुन्हा डिचोली. परब त्या ओळीपुढे थांबले. नख फिरवायला हात पुढे केला आणि तिथल्या एका कामगाराने ‘हात लावू नका मामा’ म्हणून त्यांना बाजूला केलं.

मारुतीने आम्हाला बाहेर नेऊन चहा पाजला. घरची चौकशी केली. परबांनी भागीदारीचं बोलणं काढलं. मारुतीने पूर्ण ऐकून घेतलं.

‘न्हाई जमणार मालक,’ तो म्हणाला. मग जरा थांबून, काहीही राग नसलेल्या आवाजात, ‘तेलाची भोकं पुसली नव्हती तुमी. मी क्रँक उचलला, तवाच कळलं हुतं मला. कीस हुता आत.’

परबांनी कप खाली ठेवला. ‘मग उलयलो ना कित्याक?’

‘बोललो असतो तर तुमचं दुकान गेलं असतं. तुमी गेल्यावर क्रँक कुठं केला असता लोकांनी? माझं बी गेलंच असतं की मग. म्हटलं, आपल्यावर घ्यावं, चार महिन्यांत लोक इसरतील.’ तो थोडा हसला. ‘न्हाई इसरले.’

मी परबांच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, आता तरी. निदान डोळे खाली जातील. ते उठले, पँट झटकली आणि गाडीत जाऊन बसले. घाट अर्धा उतरला. मग म्हणाले, ‘बघलंय न्हय? म्हाका भियेलो तो. उलोवंक धीर जालो ना.’

मी गाडीतल्या रेडिओचा आवाज वाढवला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

यानंतर परबांचं घर त्यांच्या बायकोने, सुमतीवयनींनी चालवलं. मुलगी पणजीला नोकरीला, ती काही पाठवायची, पण वयनींना ते घ्यायला जड जायचं. दुकानात एका कोपऱ्यात हत्यारांना धार लावायचं लहान ग्राइंडर होतं. गणपतीच्या चवथीच्या आधी शेजारणीने आपली आदोळी आणून दिली. आदोळी म्हणजे आमच्याकडची विळी, पाटावर बसून हिनेच चिरायचं आणि हिच्याच टोकाला नारळ खवायचा. परब दुपारचे झोपले असताना वयनींनी ती स्वतःच धरून धार काढली. मग दुसरी आली, तिसरी आली. ‘तांका सांगूं नाकात हां,’ वयनी प्रत्येकीला सांगायच्या.

एक दिवस ते लवकर उठले. बायको ग्राइंडरपाशी, पुढ्यात आदोळ्यांचा ढीग. मी समोरूनच बघत होतो. वाटलं, आता या बाईचं काही खरं नाही. परब जवळ गेले, एक आदोळी उचलली, पात्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, ‘ही धार? हिणें केळें तरी चिरतलें?’ वयनींना उठवलं आणि स्वतः बसले.

त्या दिवसापासून तेच काम. आणि मला सांगायला हवं, आदोळ्या खरंच येऊ लागल्या. मोठं मशीन ताडपत्रीखाली, आणि दारात बायका उभ्या. उभ्याच, कारण खुर्ची अजून एकच. ‘नाल्ल खवतात काय फातर फोडतात?’ असं प्रत्येकीला ऐकवल्याशिवाय ते आदोळी हातात घेत नाहीत. बायका हसण्यावारी नेतात. त्यांना तसं नेता येतं, त्यांचं पोट त्यावर नसतं. एक म्हातारी एकदा म्हणाली, ‘बाब, आतां डिचोलेंत तुमीच एकले उरल्यात.’ मी दचकून परबांकडे बघितलं. मला या वाक्याचं वाईट वाटलं, त्यांना वाटलं नसावं. ते म्हणाले, ‘उरतलोंच.’

गेल्या महिन्यात धार लावणारा एक माणूस आमच्या रस्त्यावर आला. सायकलला चाक जोडलेलं, मागे एका डब्यात पाणी. बेळगाव जिल्ह्यातलाच कुठला तरी, बोलण्यावरून वाटलं. हडकुळा, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. दारोदार ओरडत फिरायचा, आणि घरबसल्या काम होतंय म्हणून बायका सुऱ्या, कोयते, आदोळ्या बाहेर काढायच्या. तिसऱ्यांदा तो आला त्या सकाळी परब दुकानातून बाहेर आले. पँट घातलेली. आधी वाड्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, दोन घरांत जाऊन आले, मग माझ्या दारासमोर, जिथे त्याची सायकल उभी होती आणि भोवती चारपाच बायका, तिथे येऊन थांबले.

त्याच्याशी बोललेच नाहीत. बायकांशी बोलले, हळू, काळजीच्या आवाजात. ‘तेच्या चाकाची धार पयल्या दिसा बरी लागता. मागीर पातें काळें पडटा. नाल्ल खवल्यार खोबरेंय काळें. पोटाक बादता पोरांच्या.’ आणि मग मधेच थांबून, ‘म्हाका कितें, हांव सांगतां इतलेंच.’

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने आपली आदोळी परत मागितली. मग दुसरीने. त्या माणसाने एकेक परत केली, अर्धी धार झालेलीसुद्धा. त्याने डब्यातलं पाणी रस्त्यावर ओतलं, सायकल वळवली आणि हातानेच ढकलत बसस्टँडकडे निघाला. चाक कुठेतरी घासत होतं, तो आवाज बराच वेळ येत होता.

परब माझ्या काउंटरपाशी आले. घाम पुसला. तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

‘सांज जाली काय हो रावता खंय?’ त्यांनी मला विचारलं. ‘दुसऱ्या वाड्यांनी पण फिरत आसतलो.’

मी माहीत नाही म्हटलं. मग ते समोरच्या चहावाल्याला विचारायला गेले.